चौथ्या दिवसाचा आवाज

आवाज येतो का, असं मला भर गल्लीत विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. आवाज येत होता. तो माझ्याच मोरीतून येत होता.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आमच्या घरात मोटर होती हे बायकोला माहीत आहे, आईलाही माहीत होतं. पण त्या दिवशी बाहेर ओट्यावर मला विचारलं तेव्हा मी काय बोललो, ते दोघींनाही कधी कळलं नाही. मी मुळात कमी बोलतो. लोक त्याला सज्जनपणा समजतात. त्या समजाचा मी एकदा फायदा घेतला. ज्या माणसाच्या जिवावर घेतला, त्याच्याबद्दल लिहायला बसलोय.

सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, मीही तेच म्हणायचो. हिंगोलीतल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. जिनिंग बंद पडलं, मशिनी भंगारात गेल्या, पण मिस्त्रींचे कान काही कामावरून उतरले नाहीत. उंच, वाळलेला माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्याच्या खिशाला तेलाचा कायमचा डाग, कारण खिशात पेनाच्या जागी तेलाची बारकी कुपी असायची. कमरेला हातभर लांब स्क्रूड्रायव्हर खोचलेला. त्याचं टोक मशीनला टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग दहा-पंधरा श्वास कोणी बोलायचं नाही. बोललं तर डोळे न उघडता दुसऱ्या हाताने गप्प राहायची खूण व्हायची, मग समोर कोणीही असो.

त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या मी भाड्याने बघायला गेलो, तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, नोकरी विचारली नाही. विचारलं, मिक्सर आहे का. आहे म्हटलं. पंखा तुमचा आणणार का इथला वापरणार? कूलर आहे? कुकर केवढा? मी गोंधळून उत्तरं देत गेलो. शेवटी म्हणाले, ‘‘भाड्याचं मागून बोलू. आदी मिक्सर घेऊन या.’’

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत मिक्सर घालून गेलो. लग्नानंतर सासुरवाडीला जाताना वाटली नव्हती एवढी धाकधूक वाटत होती. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, रिकामाच फिरवला, डोळे मिटले. मग म्हणाले, ‘‘खालचं रबर गेलं. दाते झिजले. आठ दिवसांत भांडं फिरायचं बंद व्हईल आन् तुमी बायकोला बोलसाल.’’ लगेच सायकल काढून बाजारात गेले, तो भाग आणला, बसवला आणि म्हणाले, ‘‘आता राहा.’’

मोठ्या आवाजाशी त्यांचं वैर होतं असं कोणाला वाटेल, तर ते खरं नाही. तीस वर्षं जिनिंगच्या धडधडीत दुपारची डुलकी काढलेला माणूस तो. त्यांचं म्हणणं असं, की मोठा आवाज वेगळा आणि खोटा आवाज वेगळा. जे नीट चाललंय त्याचा आवाज कितीही मोठा असो, तो कानाला लागत नाही. जे बिघडलंय ते हळू जरी बोललं तरी झोप उडवतं. ‘‘मशीन उगंच बोलत न्हाई,’’ म्हणायचे. ‘‘उगंच बोलतो त्यो माणूस.’’ आणि मशीन बोलत असताना लक्ष न देणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग यायचा. मग ते त्याच्या घरात घुसायचे. शब्दशः घुसायचे. कोणाच्या फ्रिजची मागची जाळी भिंतीला लागून थरथरत असेल, कोणाचा कूलर एका पायावर डुगडुगत असेल, मिस्त्री रस्त्यावरून जाता जाता थांबायचे, चप्पल काढायचे आणि ‘‘कोण है घरात?’’ असं विचारत आत. फ्रिज दोन बोटं पुढे ओढायचा, कूलरखाली लाकडाची चिपेट सरकवायची आणि बाहेर. चहा घ्या म्हटलं तर म्हणायचे, चहाला आलो न्हाई.

कुकरच्या शिट्यांबद्दल त्यांचा नियम होता. तीन शिट्या न्याय्य. चौथी झाली की अंगणातून हाक यायची, ‘‘सूनबाई, डाळ शिजली.’’ माझी बायको पहिले पंधरा दिवस चिडली. म्हणाली, माझ्या डाळीत यांचा काय संबंध. नंतर नंतर तिने शिट्या मोजणंच सोडून दिलं. मिस्त्री मोजतायत की.

एकदा मी खोलीची किल्ली विसरून शाळेत गेलो. मी तिथे क्लार्क होतो. मिस्त्री किल्ली द्यायला आले, तर मी हेडसरांच्या खोलीत उभा. वर पंखा टक् टक् करत होता. सहा वर्षं करत होता, आम्हा सगळ्यांना तो घड्याळासारखा सवयीचा झालेला. मिस्त्रींनी हेडसरांना नमस्कार केला, त्यांना खुर्चीवरून उठवलं, चपला बाहेर काढून त्याच खुर्चीवर चढले. हेडसर माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. दोन मिनिटांत टक् टक् बंद. खाली उतरून, खुर्ची रुमालाने पुसून मिस्त्री म्हणाले, ‘‘बसा आता. इतकी वर्षं डोक्यावर लोंबकळतं नट घेऊन लेकरायला शिस्त शिकवून राहिले तुमी.’’ त्या दिवसानंतर हेडसर मला जरा जपून वागवायला लागले. असल्या माणसाचा भाडेकरू म्हणजे हाही साधा नसणार, असं त्यांना वाटलं असावं.

लग्नसराईतली एक गोष्ट गल्लीत अजून सांगतात. वरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली होती, टेंपोवर डीजेचे डबे रचलेले, घराघरातली भांडी मांडणीवर नाचत होती. मिस्त्रींनी घरातून बाज ओढत आणली, रस्त्याच्या मधोमध टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. पोरं हसायला लागली. एक जण म्हणाला, ‘‘आजोबा, बाज कडंला घ्या आन् नाचायला या.’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘नाचतो की. आदी तुमच्या डाव्या डब्याचा पडदा फाटलाय, त्ये तरी कळून राहिलं का तुमाला?’’ डीजेवाला भांडायला म्हणून खाली उतरला. मिस्त्रींनी त्याला हाताला धरून डाव्या डब्यासमोर नेलं, मग उजव्या. तिसऱ्या फेरीला त्याचं तोंड उतरलं. पडदा खरंच फाटला होता. उरलेली वरात एकाच बाजूने वाजत गेली आणि मिस्त्री बाज उचलून घरात आले. मी दाराआड उभा राहून बघत होतो. मला कधी कोणाच्या वाटेत बाज टाकता आली नाही, म्हणून त्यांच्याकडे बघताना मला फार बरं वाटायचं.

या कानांना मान होता, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचं बेरिंग रडतंय, असं ते महिनाभर गिरणीवाल्याला सांगत होते. तो म्हणायचा, मिस्त्री, गिरणी काय गाणं म्हणणार का? पोळ्याच्या आदल्या दिवशी अर्ध्या गल्लीचे गव्हाचे डबे रांगेत असताना गिरणी जाम झाली. गिरणीवाला धावत आला, हात जोडले. मिस्त्री म्हणाले, ‘‘हात कशाला जोडतो, बेरिंग आण.’’ संध्याकाळपर्यंत गिरणी सुरू झाली.

आणि खरा मान होता तो हळदीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी कुरुंद्याकडचे शेतकरी त्यांना मोटारसायकलवर बसवून न्यायचे. उकडून वाळवलेली हळद पत्र्याच्या मोठ्या ड्रममध्ये घालून फिरवतात, घासून घासून तिची साल निघते आणि रंग उघडतो. हळद आतून ओलसर राहिली असेल तर सगळी मेहनत वाया. लोक हळकुंड मोडून बघतात, दाताखाली धरून बघतात. मिस्त्री ड्रमपासून दहा पावलांवर पाठ करून उभे राहायचे. वाळलेली हळद खड्यासारखी खणखणते, ओली मऊ पडते. ‘‘अजून दोन उन्हं द्या,’’ म्हणायचे, आणि लोक ड्रम थांबवून शंभर पोत्यांची हळद परत पसरायचे. कोणी उलट विचारायचं नाही. तिकडून येताना ते जरा ताठ चालायचे. घरी आल्यावर काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सगळं साग्रसंगीत सांगायचे. काकू भाजी निवडता निवडता हूं हूं करायच्या.

आता माझ्याकडे येतो.

आमच्या दुसऱ्या मुलीचा जन्म त्या खोल्यांमध्ये झाला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. दुसऱ्याला गावाकडून माझी आई आली. गल्लीत नळाला पाणी चौथ्या दिवशी सुटायचं, सकाळी सातच्या सुमाराला, तासभर. सगळ्या घरांनी ओट्याखाली खड्डे घेऊन नळ खाली उतरवले होते. आमच्या खोल्या मागून बांधलेल्या, जोतं उंच, नळ मोरीत वर. आमच्याकडे करंगळीएवढी धार यायची. घरात तान्हं लेकरू, बाळंतिणीचं अंग धुणं, दुपट्यांचा ढीग. मी मिस्त्रींना एका शब्दाने सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी केलं असतं. मी सांगितलं नाही. मागायची मला लाज वाटते, लहानपणापासून. मी बाजारातून नळाला लावायची बारकी मोटर आणली, जिला सगळे टिल्लू म्हणतात. ती लावायची बंदी आहे, सापडली तर नळ तोडतात, आणि हा नळ मिस्त्रींच्या नावावर होता. आमच्या मोरीत मनगटाएवढी धार पडायची तेव्हा पलीकडच्या तीन घरांतले नळ नुसते फुसफुसायचे. हे सगळं मला ठाऊक होतं.

मोटरची खडखड मिस्त्रींना भिंतीपलीकडून ऐकू जाईल, हे आईच्याही लक्षात आलं. तिने मोटरखाली एक जुनी गोधडी घातली आणि वरून दुसरी गुंडाळली. खडखड मेली, पण घुमारा राहिला. तो लोखंडी पाइपातून गल्लीभर गेला. कुठून येतो ते कळत नव्हतं, पण येत होता. निदान एका माणसाला येत होता.

मिस्त्री पहिल्याच चौथ्या दिवशी अंगणात आले आणि उभे राहिले. म्हणाले, ‘‘कोणीतरी मोटर लावली. गळा दाबलेली मोटर है.’’ हे त्यांचे शब्द. मी दात घासत होतो.

मग त्यांचा शोध सुरू झाला. पाणी सुटलं की स्क्रूड्रायव्हर घेऊन ते पाइपाच्या कडेकडेने निघायचे, घराघरात शिरायचे, मोरीत वाकायचे, कान लावायचे. दहा घरं त्यांनी पालथी घातली. अकरावं त्यांचं स्वतःचं, आणि त्याच्या मागे आम्ही. आमच्या उंबऱ्यापर्यंत ते एकदाच आले. त्यांच्या चपलांचा आवाज आला तसा आईने आतून बटण बंद केलं. ती दारात जाऊन म्हणाली, बाळंतीण न्हाऊन राहिली. मिस्त्री तिथूनच मागे सरकले. सगळ्या गावात कोणाच्याही घरात घुसणारा माणूस, पण बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. मान खाली घालून म्हणाले, ‘‘माफ करा वैनी. तुमच्याकडं असायचा सवालच न्हाई.’’ आत माझी मुलगी पाळण्यात ओरडत होती, आणि बाळंतीण कॉटवर झोपलेली होती. न्हात कोणीच नव्हतं.

त्यांना आवाज सगळ्यात मोठा लागला तो कोपऱ्यावरच्या गुरुजींच्या भिंतीपाशी. पाइप तिथे पत्र्याला टेकलेला होता, म्हणून तिथे घुमायचा. हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्यांना ते त्याच दिवशी कळलं असतं, जर दुसरं टोक बघायला मिळालं असतं. गुरुजी रिटायर झालेले, तापट, स्कूटर रोज पाण्याने धुणारे. संशयाला जागा होती. मिस्त्रींनी पाणी सोडणाऱ्या पालिकेच्या माणसाला बोलावून आणलं आणि भर सकाळी गुरुजींच्या न्हाणीघराचं दार उघडायला लावलं. ते गल्लीतून निघालेले मी बघितले आणि पळत जाऊन मोटर बंद केली. मीच, माझ्या हाताने. गुरुजींच्या न्हाणीघरात बादली, तांब्या आणि सुनेचे वाळत घातलेले कपडे होते.

रविवारी सगळे मिस्त्रींच्या ओट्यासमोर जमले. गुरुजी पुढे उभे होते. माझ्या सुनेचं न्हाणीघर उघडून पाह्यलं, काय सापडलं ते सांगा, एवढंच ते परत परत म्हणत होते. त्यांचंही चूक नव्हतं. बाकीच्यांना मात्र मजा वाटायला लागली होती. कोणीतरी म्हणालं, तीस वर्षं जिनिंगात राहिलेल्या माणसाला आवाज येऊन राहिला आन् आमाला दहा घरांला न्हाई. दुसरा म्हणाला, जिनिंगचाच कापूस उरला असंल तर कानात घाला. ज्यांच्या घरात नळ फुसफुसत होते तेही हसत होते.

मिस्त्री डगमगले नाहीत. बाजेवर बसले होते तेव्हाचीच मान, तोच ताठा. म्हणाले, ‘‘तुमच्या समद्यांचे कान बंद है म्हणून आवाज बंद व्हत न्हाई. मोटर है. आज सापडली न्हाई, उद्या सापडंल.’’ गुरुजी म्हणाले, तुमच्याशिवाय कोणी ऐकली का? एक माणूस दाखवा.

तेव्हा ते माझ्याकडे वळले. मी मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो.

‘‘ह्यो माझ्या भितीला भीत लावून राहतो,’’ ते म्हणाले. ‘‘जास्ती बोलत न्हाई आन् खोटं बोलत न्हाई. ह्याला इचारा.’’ मग मलाच म्हणाले, ‘‘सांग रे. चौथ्या दिवशी, पाणी सुटल्यावर. घुमारा येतो का न्हाई?’’

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, ‘‘नाही, मिस्त्री. मला तर काही ऐकू येत नाही.’’

एवढ्यावर थांबलो असतो तरी पुरलं असतं. पण मी पुढे म्हणालो, ‘‘मी नीट कान देऊन बघितलंय.’’ हे मला कोणी विचारलं नव्हतं. हे मी माझ्या मनाने घातलं. इतकी वर्षं झाली, पहिलं वाक्य मी स्वतःला कसंबसं समजावतो. दुसरं समजावता येत नाही.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मिक्सर फिरवून बघावा तसे, डोळे तेवढे उघडे. मग म्हणाले, ‘‘बराबर. मंग माझंच काहीतरी बिघडलं असंल.’’ उठले, गुरुजींसमोर गेले, हात जोडले. ‘‘तकलीफ दिली,’’ म्हणाले आणि आत गेले.

गल्लीने जो माणूस वर्षानुवर्षं सहन केला होता, तो त्या दिवसापासून गल्लीच्या करमणुकीचा झाला. पोरं त्यांच्या मागे तोंडाने घूं घूं करायची. आधीचे मिस्त्री असते तर त्यांनी पोरांच्या बखोट्याला धरून घशात काय अडकलंय ते तपासलं असतं. आता ते थबकायचे आणि काकूंच्या तोंडाकडे बघायचे. काकूंना ऐकू आलं का, ते बघायला. त्यांचा चेहरा हलला तर आवाज खरा, नाही हलला तर आपल्याच कानातला. कुकरची पाचवी शिटी झाली तरी अंगणातून हाक येईना. माझ्या बायकोची डाळ दोनदा करपली. ती म्हणाली, मिस्त्री आजारी आहेत का?

मग ते नांदेडला कानाच्या डॉक्टरांना दाखवून आले. थेंब दिले होते, रोज सकाळी दोन्ही कानांत.

त्याच आठवड्यात, एका सकाळी, मागून कुदळीचे घाव ऐकू आले. मिस्त्री आमच्या मोरीच्या बाहेरच्या बाजूला खड्डा खणत होते. वय पासष्टीच्या पुढे, शर्ट भिजलेला. मी म्हटलं, मिस्त्री, हे काय? म्हणाले, तुझ्या आईला परवा आडावरून घागर आणताना पाह्यलं. त्या चौथ्या दिवशी आईने भीतीने मोटर लावलीच नव्हती, ती गोधडीसकट कॉटखाली होती. खड्डा छातीइतका झाला. त्यांनी पाइप कापला, नळ खाली उतरवला, बाजूने विटा रचल्या, पायरी केली. मला हात लावू दिला नाही. पाणी सुटलं तेव्हा जोरात धार पडली, मोटरपेक्षाही जाड. ते खड्ड्यातून वर बघत म्हणाले, ‘‘घरात लेकरू है, आदी सांगायचं न्हाई का?’’

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या खड्ड्याच्या काठावर. दुसरं कोणीच नव्हतं. मी त्यांना वर यायला हात दिला, एवढंच केलं.

मोटर मी पिशवीत घालून शाळेत नेली आणि भंगाराच्या खोलीत टाकून दिली. पुढच्या चौथ्या दिवशी पाणी सुटलं. मिस्त्री अंगणात उभे होते, डोळे मिटून. बराच वेळ उभे होते. मग त्यांनी मला हाक मारली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी मी आनंद बघितला. म्हणाले, ‘‘गेला बघ. थेंबानं गेला. कानातच व्हता.’’

माझ्या खोट्या शब्दावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला नव्हता, असं मला आता वाटतं. कुठेतरी ते अजून झुंजत होते. पण आवाज खरंच थांबला आणि पुरावा पुरा झाला. मी मोटर काढली नसती तर कदाचित एखाद्या दिवशी ती त्यांना सापडली असती आणि ते जिंकले असते. मी ती काढून त्यांना कायमचं हरवलं.

त्या उन्हाळ्यात कुरुंद्याचा शेतकरी मोटारसायकल घेऊन आला. मिस्त्रींनी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, आता माझ्या कानाचा भरोसा न्हाई, दुसरा माणूस बघा. तो हसला, त्याला गंमत वाटली. मग त्याच्या लक्षात आलं. थोडा वेळ बसून गेला. मी खिडकीतून बघत होतो. आम्ही पुढच्या वर्षी दुसरीकडे राहायला गेलो.

गुरुजी वारले. काकू वारल्या. माझी आईही गेली. मिस्त्री आता कुरुंद्याला लेकीकडे असतात. माझी ती मुलगी नववीत आहे. गेल्या उन्हाळ्यात मी कुरुंद्याला गेलो, सांगायचं ठरवूनच गेलो. हळदीचे दिवस होते, चारी बाजूंनी ड्रम फिरत होते. मिस्त्री पडवीत बसले होते, पार वाळलेले, पण मला ओळखलं, माझ्या मुलीची चौकशी केली. लेकीने सांगितलं की थेंब अजून रोज टाकतात, एक सकाळ चुकवत नाहीत. डॉक्टर म्हणाला गरज नाही, तरी ऐकत नाहीत. मग मिस्त्री माझ्याकडे वाकले आणि हळू आवाजात विचारलं, लेकीला ऐकू जाऊ नये असं:

‘‘ड्रम वाजून राहिला का रे? का मलाच?’’

दहा पावलांवर पाठ करून उभा राहणारा माणूस. मी म्हणालो, वाजतोय, मिस्त्री. त्यांनी मान हलवली, समाधानाने. मी चहा प्यायलो आणि परतीची बस धरली.

हे लिहिलेलं बायकोने वाचलं. माझी दोन्ही वाक्यं तिला आज कळली. ती म्हणाली, म्हातारा शांत आहे, आता उकरून काय करता. आपण तरी काय चैनीसाठी लावली होती मोटर? ओळखीतलं आणखी कोणी वाचेल तर हेच म्हणेल. लेकराला पाणी पाहिजे होतं, सगळेच लावतात, तरुण वय होतं. मी हे ऐकून घेणार नाही. मोटर लेकरासाठी होती हे खरं आहे. ओट्यावरचं खोटं लेकरासाठी नव्हतं, ते माझ्यासाठी होतं. आणि म्हातारा शांत नाही. तो गेली चौदा वर्षं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून ऐकतो आहे. कोणी मला समजून घेऊ नये, एवढी तरी मेहरबानी करावी. मी आयुष्यभर गप्प राहून सगळ्यांची मर्जी राखली. या एका बाबतीत मला कोणाची मर्जी राखायची नाही.

कागदावर लिहिलं म्हणजे फिटलं, असं मी धरत नाही. कुरुंद्याला जाऊन, लेकीसमोर, मिस्त्रींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि नंतर त्या गल्लीत अकरा घरांसमोर, मला एवढंच सांगायचं आहे: आवाज होता, मोटर माझी होती, तुमचे कान बरोबर होते. हे मी अजून सांगितलेलं नाही. हे मी देणं लागतो.